ख्रिस्ती ऐक्याची प्रार्थना: मागायचं नेमकं काय?

दरवर्षी १८ ते २५ जानेवारी या दिवसांत जगभर एक प्रार्थना होते. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन, लुथरन, मेथडिस्ट असे कितीतरी पंथांचे ख्रिस्ती एरवी आपापल्या चर्चमध्ये, आपापल्या रीतीनं उपासना करतात. या दिवसांत ते जमेल तिथे एकत्र येतात आणि देवाकडे मागतात, ‘आम्हांला एक कर.’ दोन्ही टोकं धरून मोजले तर हे दिवस आठ भरतात, तरी नाव मात्र प्रार्थना-सप्ताह. मराठीला त्याचं नवल वाटू नये, आपल्या आठवड्याच्या नावातच आठ आहेत.

मागणी तीन शब्दांची आहे, पण ती तोंडात आली की प्रश्न उभा राहतो. एक म्हणजे कसं? सगळे एकाच बिशपच्या हाताखाली? सगळ्यांची एकच उपासना? की आहोत तिथेच राहून मनानं जवळ? कॅथलिक माणसाच्या मनातलं ऐक्य वेगळं, बॅप्टिस्टाच्या मनातलं वेगळं, ऑर्थोडॉक्साच्या मनातलं आणखी वेगळं. मग हे तिघं एका बाकावर बसून एकच वाक्य म्हणतात, तेव्हा ते एकच गोष्ट मागत असतात का? ही प्रार्थना समजून घ्यायची तर हा प्रश्न टाळून चालत नाही. तिचा शंभर वर्षांहून जास्त काळाचा इतिहास म्हणजे या प्रश्नाचं उत्तर शोधण्याचाच इतिहास आहे.

ही मागणी आधी कुणी केली

योहानाच्या शुभवर्तमानाचा सतरावा अध्याय ही सबंध एक प्रार्थना आहे. येशूला अटक व्हायला थोडाच वेळ उरला आहे. शेवटचं भोजन झालं आहे. तो वर पाहून पित्याशी बोलतो, आधी स्वतःसाठी, मग शिष्यांसाठी आणि मग त्या शिष्यांच्या शब्दावरून पुढे जे विश्वास ठेवतील त्यांच्यासाठी. या शेवटच्या लोकांसाठी त्याचं मागणं आहे: ‘त्या सर्वांनी एक व्हावे.’

इथे तीन गोष्टी बारकाईनं पाहण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे येशू हे शिष्यांना सांगत नाही, पित्याकडे मागतो. एकमेकांवर प्रीती करा ही आज्ञा त्यानं त्याच रात्री दिली होती, पण ऐक्य मात्र त्यानं मागून घेतलं. म्हणजे ते माणसांनी बैठका घेऊन तयार करण्याची वस्तू नाही, मिळण्याची आहे. दुसरी गोष्ट, ऐक्याचं माप तो देतो ते असं: जसा तू माझ्यामध्ये आणि मी तुझ्यामध्ये. पिता आणि पुत्र एक आहेत, पण पिता म्हणजे पुत्र नव्हे. म्हणून एक होणं म्हणजे एकसारखं होणं, असा अर्थ या वचनातून निघत नाही. आणि तिसरी, हे कशासाठी? तर जगानं विश्वास धरावा म्हणून. भांडणाऱ्यांच्या तोंडून समेटाची वार्ता कुणाला पटणार? ख्रिस्ती लोकांना आपली फूट ही केवळ गैरसोय न वाटता जखम वाटते, ती या तिसऱ्या गोष्टीमुळे.

ही जखम फार जुनी आहे. ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीत पहिल्याच शतकात लोक आपापल्या आवडत्या पुढाऱ्याचं नाव घेऊन म्हणू लागले होते, मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा (म्हणजे पेत्राचा). पौलानं त्यांना पत्रातून विचारलं, ख्रिस्ताचे तुकडे झाले आहेत का?

फाटलं कुठे कुठे

सगळा इतिहास इथे मावणार नाही, पण मोठ्या चिरा माहीत असल्या तर प्रार्थना कशासाठी आहे ते कळतं.

पहिल्या दोन चिरा पाचव्या शतकातल्या. ४३१ साली इफिससला भरलेल्या बिशपांच्या परिषदेनंतर पूर्वेकडची असिरियन मंडळी वेगळी पडली. ४५१ च्या कॅल्सेडॉन परिषदेनंतर इजिप्तचे कॉप्टिक, सिरियाक, पुढे आर्मेनियन आणि इथिओपियन ख्रिस्ती वेगळ्या वाटेनं गेले. वाद कशावरून होता? ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, हे दोन्ही बाजूंना मान्य होतं. ते शब्दांत कसं सांगायचं यावर मात्र जमेना. परिषद म्हणाली, व्यक्ती एक, स्वभाव दोन. दुसरी बाजू म्हणाली, देह धारण केलेल्या शब्दाचा, म्हणजे ख्रिस्ताचा, स्वभाव एकच. ‘दोन’ ऐकून यांना वाटलं, तुम्ही ख्रिस्ताचे दोन भाग करताय. ‘एक’ ऐकून त्यांना वाटलं, तुम्ही त्याचं माणूसपण विरघळवून टाकताय. त्यात साम्राज्याचं राजकारण मिसळलं, ग्रीक, सिरियाक, कॉप्टिक या भाषांमधलं अंतर मिसळलं, आणि दुरावा पंधरा शतकं टिकला.

पुढची चीर १०५४ ची, रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांच्यातली. त्या वर्षी १६ जुलैला पोपचे दूत कार्डिनल हंबर्ट यांनी कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफिया या मुख्य चर्चच्या वेदीवर बहिष्काराचं पत्र ठेवलं. उत्तरादाखल तिथले पॅट्रिआर्क (प्रमुख बिशप) मायकेल केरुलारिओस यांनी त्या दूतांना बहिष्कृत केलं. ज्या पोपच्या नावानं हे पत्र होतं, ते नववे लिओ तीन महिन्यांपूर्वीच वारले होते. मतभेद पोपच्या अधिकारावर होते, आणि पवित्र आत्मा फक्त पित्यापासून निघतो की पित्यापासून आणि पुत्रापासून, या विश्वासांगीकारात पश्चिमेनं घातलेल्या शब्दावरही होते. पण सामान्य लोकांच्या मनात फूट खोल गेली ती १२०४ मध्ये, चौथ्या क्रुसेडच्या (ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या) पाश्चात्त्य सैनिकांनी कॉन्स्टँटिनोपल लुटलं तेव्हा.

त्यानंतर १५१७ मध्ये जर्मनीतल्या विटेनबर्गला मार्टिन लूथर या धर्मगुरूचे ९५ सिद्धान्त आले, त्यातून प्रोटेस्टंट पंथ निघाले, १५३४ मध्ये इंग्लंडच्या राजानं स्वतःला तिथल्या चर्चचा प्रमुख ठरवून घेतलं, आणि मग फुटीतून फूट निघत राहिली.

ही फूट भाषेतही उतरते. मराठीत कॅथलिक माणूस ‘ख्रिस्तसभा’ म्हणतो, प्रोटेस्टंट ‘मंडळी’ म्हणतो. एकाचा ‘स्नानसंस्कार’, दुसऱ्याचा ‘बाप्तिस्मा’. एकाकडे ‘मिस्सा’, दुसऱ्याकडे ‘प्रभुभोजन’. दोघं एकाच प्रभूविषयी बोलत असतात, पण दोन वाक्यं ऐकली की बोलणारा कुठल्या बाकावरचा ते कळून येतं.

‘परत या’ पासून ‘तुला हवं तसं’ पर्यंत

ऐक्यासाठी एकत्र प्रार्थना करण्याची कल्पना अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत अधूनमधून डोकावत होती. आजच्या सप्ताहाची सुरुवात मात्र १९०८ ची. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रेमूर इथे अँग्लिकन परंपरेतला एक छोटा फ्रान्सिस्कन संघ होता. त्याचे संस्थापक फादर पॉल वॉटसन आणि सिस्टर लुराना व्हाइट यांनी १८ ते २५ जानेवारी असे आठ दिवस ठरवले. तारखा विचारपूर्वक निवडल्या होत्या. १८ जानेवारीला तेव्हा रोममधल्या पेत्राच्या आसनाचा सण असे आणि २५ ला पौलाच्या परिवर्तनाचा. पेत्रापासून निघायचं आणि पौलापाशी पोहोचायचं. (पेत्राच्या आसनाचा सण आता २२ फेब्रुवारीला असतो, सप्ताहाची तारीख मात्र हलली नाही.)

वॉटसन यांच्या मनातलं ऐक्य स्पष्ट होतं. इतरांनी रोमशी पुन्हा जोडून घ्यावं. १९०९ मध्ये त्यांचा संघ स्वतःच कॅथलिक चर्चमध्ये गेला, आणि १९१६ मध्ये पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी ही अष्टदिवसीय प्रार्थना सगळ्या कॅथलिकांसाठी लागू केली.

प्रार्थना मनापासूनची होती, तरी तिच्यात एक अडचण होती. ‘घर सोडून गेलेले घरी परत येवोत’ असं तुम्ही मागितलं, तर ज्याला आपण घरातच आहोत असं वाटतं त्यानं आमेन कसं म्हणावं? ऑर्थोडॉक्स माणसाच्या लेखी तर घर सोडून गेले होते ते रोमवाले. म्हणजे ऐक्याची प्रार्थनाही एकत्र करता येत नव्हती.

ही गाठ सोडवली फ्रान्समधल्या लिऑन शहराच्या एका धर्मगुरूनं. आबे पॉल कुट्युरिए हे शाळेत विज्ञान शिकवत. १९२० च्या दशकात क्रांतीनंतर पळून आलेल्या रशियन निर्वासितांमध्ये त्यांनी काम केलं. घरदार गमावलेल्या त्या ऑर्थोडॉक्स लोकांची श्रद्धा त्यांनी जवळून पाहिली, आणि ‘परत या’ हा शब्द त्यांना अपुरा वाटू लागला असावा. १९३० च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी सप्ताहाची मागणीच बदलली: ख्रिस्ताला हवं ते ऐक्य, त्याला हव्या त्या मार्गांनी.

वरवर पाहता हे गुळमुळीत वाटेल, सगळ्यांना चालेल असं काहीतरी. मला ते तसं वाटत नाही. समजा, दोन भावांचं बोलणं बंद आहे. एक भाऊ रोज प्रार्थना करतो, ‘देवा, त्याला अक्कल दे.’ या प्रार्थनेत बदलायचं ते फक्त दुसऱ्यानं. एक दिवस तो म्हणतो, ‘देवा, आम्हा दोघांत तुला हवं ते कर.’ आता तो स्वतःही पणाला लागला. देवाला हवं ते काय निघेल, आपल्याला काय सोडावं लागेल, हे त्याला ठाऊक नाही. कुट्युरिएंची मागणी अशी आहे. तिच्यात आपली मतं सोडायला सांगितलेली नाहीत. कॅथलिकानं कॅथलिक म्हणून, लुथरननं लुथरन म्हणून ती मनापासून म्हणावी. फक्त शेवट कसा व्हावा याचा नकाशा देवाच्या हातात द्यायचा. सुरुवातीचा प्रश्न होता, ते तिघं एकच गोष्ट मागतात का? त्यांच्या मनातली चित्रं वेगळीच असतात, पण ज्याच्याकडे मागतात तो एक, आणि ज्याची इच्छा पूर्ण व्हावी असं म्हणतात तोही एक. ही प्रार्थना या धाग्यावर उभी आहे.

एका प्रार्थनेपुरती परवानगी

आज कॅथलिक बिशप आणि प्रोटेस्टंट पाळक एकत्र उभे राहून प्रार्थना करताना दिसतात तेव्हा काही विशेष वाटत नाही. पण १९१७ च्या कॅथलिक धर्मनियमांनुसार इतर पंथांच्या उपासनेत सहभागी व्हायला मनाई होती. डिसेंबर १९४९ मध्ये रोमनं सूचना काढली की संवादाच्या सभांच्या सुरुवातीला किंवा शेवटी प्रभूची प्रार्थना किंवा चर्चनं मान्य केलेली एखादी प्रार्थना एकत्र म्हणायला हरकत नाही. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ एवढीच ती फट, पण त्या प्रार्थनेत ‘माझ्या’ नाही, ‘आमच्या’ आहे.

पुढचा काळ वेगानं सरकला. जानेवारी १९६४ मध्ये पोप सहावे पॉल आणि कॉन्स्टँटिनोपलचे ऑर्थोडॉक्स पॅट्रिआर्क अथेनागोरास जेरुसलेमला भेटले आणि त्यांनी योहानाचा सतरावा अध्याय मिळून वाचला. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं ऐक्याविषयीचा हुकूमनामा काढला. त्यात प्रार्थनेला या सगळ्या चळवळीचा आत्मा म्हटलं आहे, आणि अंतःकरण बदलल्याशिवाय खरं ऐक्य नाही असंही. १९६८ पासून सप्ताहाचं साहित्य जागतिक चर्च परिषदेचा ‘विश्वास आणि व्यवस्था’ आयोग आणि व्हॅटिकनचा ऐक्यविभाग यांनी संयुक्तपणे तयार केलेलं असतं.

हे साहित्य तयार होण्याची पद्धत मला फार आवडते. दर वर्षी एखाद्या देशातल्या वेगवेगळ्या पंथांच्या लोकांना पहिला मसुदा लिहायला सांगतात. मग एक आंतरराष्ट्रीय गट त्यांच्याबरोबर बसून तो नीट करतो. त्यात एक बायबलवचन, एक संयुक्त उपासना आणि आठ दिवसांची मननं असतात, आणि ज्यानं त्यानं ती आपल्या जागी जुळवून घ्यायची असतात. त्यामुळे प्रार्थनेला त्या त्या लोकांच्या दुःखाचा वास येतो. २०१३ चा मसुदा भारतातल्या ख्रिस्ती विद्यार्थी चळवळीनं केला होता. वचन होतं मीखाचं, देव आपल्याकडून काय मागतो? आणि तिथे दलितांवरचा अन्याय मध्यभागी होता. जे ख्रिस्ती एका देवापुढे गुडघे टेकतात पण जात सोडत नाहीत, त्यांच्या ऐक्याला अर्थ काय, असं ते मनन विचारत होतं. २०२० मध्ये माल्टाच्या ख्रिस्ती लोकांनी पौलाचं गलबत फुटलं ती गोष्ट घेतली, त्यांच्याच बेटावर घडलेली, आणि समुद्रातून येणाऱ्या परक्यांची आठवण करून दिली. दक्षिण गोलार्धात जानेवारी सुट्ट्यांचा, म्हणून तिथे बहुधा हा सप्ताह पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाच्या, सुमारास पाळतात.

दुखरी जागा: मेज

सप्ताहातल्या बहुतेक संयुक्त उपासनांत एक गोष्ट नसते. गाणी असतात, वचनं असतात, शांतीची देवाणघेवाण असते. एका मेजाभोवतीचं प्रभुभोजन नसतं.

कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स शिकवणीत या संस्कारात सहभागी होणं म्हणजे त्या चर्चच्या विश्वासात पूर्ण सहभागी असल्याची कबुली. विश्वास पूर्ण जुळलेला नसताना एकत्र भाकर घेणं म्हणजे जे अजून झालेलं नाही ते झालं असं दाखवणं. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या म्हणतात, मेज प्रभूचं आहे, बोलावणारा तो आहे, आणि एकत्र जेवल्यानंच आपण एक होऊ. एकाला मेज ही प्रवासाची अखेर वाटते, दुसऱ्याला वाटेतली शिदोरी. दोन्ही बाजू हे हट्टानं नाही, आदरापोटी म्हणतात, आणि म्हणूनच हे सुटणं कठीण आहे. याच मुद्द्यावर १५२९ मध्ये मारबुर्ग इथे लूथर आणि स्वित्झर्लंडमधले सुधारक झ्विंगली अडले होते. १५ कलमांपैकी १४ वर एकमत झालं, पंधराव्यातल्या एका मुद्द्यावर, भाकरीत आणि द्राक्षारसात ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त कसं असतं यावर, गाडी थांबली. त्या दोन परंपरांच्या युरोपातल्या मंडळ्या मेजावर अधिकृतपणे एकत्र आल्या १९७३ च्या लॉयेनबर्ग करारानं.

मिश्र विवाह झालेल्या घरात हे दुखणं पुस्तकातलं राहत नाही. नवरा-बायको एकाच बाकावर बसतात, आणि प्रभुभोजनाच्या क्षणी एक उठतो, एक बसून राहतो. ऐक्याची प्रार्थना कुणी खरी केली असेल तर ती अशा घरांनी.

काही झालं का?

१९६५ च्या ७ डिसेंबरला रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांनी १०५४ चे बहिष्कार एकाच दिवशी मागे घेतले. पूर्ण सहभागिता अजून आलेली नाही, पण शाप उरलेले नाहीत. १९७३ मध्ये सहावे पॉल आणि कॉप्टिक पोप तिसरे शनौदा यांनी ख्रिस्ताविषयी एकच निवेदन सही करून दिलं: त्याच्यात देवपण आणि माणूसपण मिसळून जात नाही आणि वेगळंही होत नाही. असिरियन मंडळीबरोबर असंच निवेदन १९९४ मध्ये झालं. वाद सुरू झाला तेव्हाच एकमेकांचे शब्द नीट ऐकले असते तर, असं हे वाचताना वाटल्यावाचून राहत नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्ग इथे लुथरन महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो याच्या मूळ सत्यांवर एकमत जाहीर केलं. लूथरच्या भांडणाच्या मुळाशी तोच प्रश्न होता. नंतर मेथडिस्ट, अँग्लिकन आणि रिफॉर्म्ड (झ्विंगली, कॅल्विन यांच्या) परंपराही त्या एकमताशी जोडल्या गेल्या.

प्रत्यक्ष एक झालेल्या मंडळ्याही आहेत. १९४७ मध्ये दक्षिण भारताची मंडळी उभी राहिली, तेव्हा बिशप असलेली अँग्लिकन परंपरा आणि बिशप नसलेल्या परंपरा पहिल्यांदाच एका चर्चमध्ये आल्या. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्यांची मिळून उत्तर भारताची मंडळी झाली.

यातलं किती प्रार्थनेमुळे झालं? मोजायची पट्टी कुणाकडेच नाही. एवढं म्हणता येतं की ज्याच्यासाठी तुम्ही वर्षानुवर्षं नाव घेऊन प्रार्थना करता, त्याचं म्हणणं ऐकायला बसताना तुमचा कान वेगळा असतो.

ज्यांना हे पटत नाही

काही ऑर्थोडॉक्स मठ आणि बरेच इव्हँजेलिकल ख्रिस्ती या सप्ताहापासून दूर राहतात. त्यांची भीती अशी की ऐक्याच्या नादात सत्य पातळ होईल. ही भीती उडवून लावण्यासारखी नाही. येशूनं त्याच अध्यायात ‘त्यांना सत्यात पवित्र कर’ असंही मागितलं आहे, आणि तेही ऐक्याच्या मागणीच्या आधी. ‘सगळे धर्मपंथ सारखेच, वाद कशाला’ म्हणणारा माणूस ऐक्य मागत नसतो, वादाला कंटाळलेला असतो. पण कुट्युरिएंच्या प्रार्थनेत खोटं बोलावं लागत नाही, कारण तीत कुणीही आपलं मत लपवायचं नाही. मतभेद देवापुढे मांडूनच ती म्हणायची असते.

एकट्यानं करायची तर

सभेला जाणं जमलं नाही तरी अडत नाही. योहान १७ सावकाश वाचा. मग ‘इतर ख्रिस्ती’ असं मोघम न म्हणता एक नाव घ्या: कॉप्टिक, मेथडिस्ट, पेंटेकॉस्टल, ज्यांच्याविषयी मनात अढी आहे ते. त्यांच्याकडे जे चांगलं आहे आणि आपल्याकडे कमी आहे त्याबद्दल आभार माना. कॅथलिक माणसाला प्रोटेस्टंटांचं वचनावरचं प्रेम आठवेल, प्रोटेस्टंटाला ऑर्थोडॉक्स उपासनेतला भयादर. मग आपल्या लोकांनी त्यांच्याशी काय वाईट केलं त्याची क्षमा मागा. २००१ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी अथेन्समध्ये १२०४ च्या लुटीचं नाव घेऊन दुःख व्यक्त केलं आणि क्षमा मागितली, जवळजवळ आठशे वर्षांनी. आणि शेवटी ख्रिस्ताला हवं ते मागा.

शब्द सुचत नसतील तर दुसऱ्यांचे घ्या. २०२६ च्या सप्ताहाचं साहित्य आर्मेनियन ख्रिस्ती लोकांनी तयार केलं आहे, कॅल्सेडॉन न मानणाऱ्या, म्हणून शतकानुशतकं बाहेरच्या मानल्या गेलेल्या मंडळीच्या पुढाकारानं. वचन इफिसकरांस पत्रातलं आहे: एक शरीर, एक आत्मा. त्यांच्या जुन्या प्रार्थना या साहित्यामुळे कॅथलिक आणि लुथरन लोकही आपापल्या भाषेत म्हणू शकतात.